तोसदान

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरच्या थोडे अलीकडे, इरुंगाट्टुकोट्टै नावाचे गाव लागते. तमिळमधील 'कोट्टै' आणि मराठीतील 'कोट' यांचा अर्थ एकच. पण येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस पडतात त्या कारखान्यांच्या लांबलचक भिंती. सिपकॉटची ही औद्योगिक वसाहत. १९९८ साली येथे ह्युंदाईच्या मोटारी तयार होऊ लागल्या आणि त्यांच्यामागोमाग सुटे भाग पुरवणारे कितीतरी लहानमोठे कारखाने आले. त्यांतल्याच एका कारखान्यात कोल्हापूर जिल्ह्यातून आलेला एक तरुण नोकरी करतो. यंत्रावरून उतरणाऱ्या सुट्या भागांची मापे तपासणे हे त्याचे काम. मिलीमीटरच्या शंभराव्या भागाशी त्याची रोजची ओळख आहे. तरीही पाच-सहा इंचांची एक साधी चामडी वस्तू करताना त्याचे माप सपशेल चुकले, आणि त्या चुकीनेच त्याला पुष्कळ काही शिकवले.

निमित्त घडले ते नानांच्या फोनचे. नाना म्हणजे त्याचे धाकटे चुलते. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते कोल्हापुरात एका बँकेच्या दारावर पहारेकरी म्हणून उभे राहू लागले. बारा बोअरची परवान्याची बंदूक त्यांची स्वतःची. कमरेला काडतुसे ठेवण्याचे कापडी पाकीट होते, ते शिवणीतून विरले. सहज बोलता बोलता नाना म्हणाले, "बाजारात मिळतंय रे, पण दोन महिने टिकत नाही. तुझ्या आजोबांनी केलेलं असतं तर माझ्या मागंसुद्धा उरलं असतं." वाक्य साधेच होते, पण त्या घरात आजोबांच्या हाताच्या कामाविषयी कोणी उघड बोलत नसे.

आजोबा चपला करीत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या नावाचा गौरव झाला, वर्तमानपत्रांतून लेख आले. परंतु ती चपल ज्या ओट्यावर बसून शिवली जाई, त्या ओट्याला गावाने कधी मानांकन दिले नाही. आजोबांना चपलांचे पैसे वरून टाकले जात, हातात दिले जात नसत. वडिलांनी, म्हणजे आबांनी, हे लहानपणी पाहिले. पुढे ते साखर कारखान्यात लागले, आणि आजोबा गेल्यावर त्यांनी रापी, आरी, ऐरण सारे एका पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. "माझ्या पोरांच्या हाताला कातड्याचा वास यायचा नाही," हे त्यांचे शब्द. ते त्यांनी खरे करून दाखवले. मुलगा शिकला, पदविका घेतली आणि हजार किलोमीटरवर नोकरीला गेला.

आता त्या मुलालाच वाटू लागले की नानांसाठी हे पाकीट आपण करावे. त्यासाठी त्याने मनात एक जुना शब्दही उकरून काढला : तोसदान. मराठ्यांच्या आणि नंतर कंपनीच्या शिपायांच्या पट्ट्याला जी चामडी पेटी लटकत असे, तिला हे फारशीतून आलेले नाव. तिच्यात राहणारे 'काडतूस' मात्र पोर्तुगिजांकडून आलेले. एका लहानशा वस्तूत दोन परकीय भाषा नांदत होत्या, आणि ती वस्तू करणारे हात मात्र इथलेच होते.

१८५७ साली काडतुसांच्या चरबीवरून जो भडका उडाला, तो शाळेच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेला असतो. काडतूस दाताने तोडावे लागे, म्हणून चरबीचा विटाळ. पण ते काडतूस ज्या कातडी पेटीतून बाहेर येई, ती पेटी शिपायांच्या कमरेला निवांत लटकत होती. कातडे चालत होते. ते कमावणारा आणि शिवणारा तेवढा दूर बसत होता. या विचाराने तो पहिल्यांदा अस्वस्थ झाला, तो इरुंगाट्टुकोट्टैच्या खोलीत, हातात कागद-पेन्सिल घेऊन आकृती काढताना.

काडतूस जवळ असण्याचा प्रश्नच नव्हता. दारूगोळा हा परवानाधारकाजवळच असावा लागतो. तो टपालाने मागवण्याची वस्तू नव्हे. त्याने नानांना सांगितले की, काडतुसाभोवती कागदाची अरुंद पट्टी गुंडाळा, जिथे टोक टेकेल तिथे खूण करा आणि ती पट्टी पाठवा. पट्टी आली. खुणेपर्यंतची लांबी ६६ मिलीमीटर भरली. बाविसाने भागून साताने गुणले, की व्यास २१. उंची नानांनी ७० लिहिली होती. सुताराकडून त्याने २१ मिलीमीटर जाडीचे सहा लाकडी दांडके घासून घेतले. पुढचे सारे काम त्या दांडक्यांवर झाले. आणि तेच योग्य होते, कारण ओल्या चामड्यात खरे काडतूस खुपसणे हा अडाणीपणा ठरला असता.

कातड्यासाठी तो चेन्नईत पेरियामेटला गेला. त्या पेठेत कातड्याचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. या शहराचा कातड्याशी संबंध इतका जुना की क्रोमपेट या उपनगराला नावच मिळाले ते क्रोम पद्धतीने कातडे कमावणाऱ्या कंपनीवरून. १९४८ साली येथे केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली आणि य. नायुडम्मा यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने तिला नावलौकिक मिळवून दिला. दुसरी बाजूही आहे. चर्मोद्योगाच्या सांडपाण्याने पालार नदीचे खोरे नासले, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला, प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची भरपाई करावी, असे वेल्लोरच्या खटल्यात सांगावे लागले.

दुकानदाराने त्याला एक तुकडा दिला : मऊ, सुंदर, काळाभोर. तो क्रोमचा होता. खोलीवर आणून ओला केला, दांडक्याभोवती दाबून बसवला आणि सुकल्यावर दांडके काढले, तर चामडे पुन्हा मूळच्या सपाटपणाकडे वळले. आकार धरेना.

वसाहतीच्या नाक्यावर, कडुनिंबाखाली, एक वृद्ध चांभार जोडे दुरुस्त करीत बसतो. जवळच पादत्राणांच्या आरेखनाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिच्यातील मुले कधी त्याच्याजवळ थांबतात, कधी थांबत नाहीत. तरुणाने तो तुकडा त्याच्यापुढे धरला. "अय्या, हे असं का होतं?" त्याने मोडक्या तमिळमध्ये विचारले. म्हाताऱ्याने तुकडा दुमडला, सोडला आणि हसला. "हे अंगरख्याचं कातडं, तंबी. तुला सालीत कमावलेलं पाहिजे." कशासाठी हवे, हेही त्याने विचारले. तमिळमध्ये काडतुसाला 'तोट्टा' म्हणतात. तो शब्द ऐकून तरुणाच्या मनात मराठीतला तोटा उभा राहिला, आणि आजवर या धंद्यात कोणाचा तोटा झाला, याचा हिशेबही.

साल म्हणजे तरवडाची, बाभळीची. आणि जोडीला हिरडा. वनस्पतीच्या कसात कातडे आठवड्यांमागून आठवडे पडून राहते. क्रोमला त्या मानाने फार थोडा वेळ लागतो. पण सालीत मुरलेले कातडे ओले केले की मातीसारखे वळते आणि सुकले की घेतलेला आकार सोडत नाही. तरुणाने पाठीकडचा, घट्ट विणीचा, २ मिलीमीटर जाडीचा तुकडा आणला. पोटाकडचे कातडे ताणले जाते, ते घेऊ नकोस, हे म्हाताऱ्याने आधीच बजावले होते.

रचना सोपी होती. पाठीचा एक सलग तुकडा, त्याच्यावर सहा घरे पाडणारी एक पट्टी, वरून दुमडून येणारी झाकणी आणि मागे पट्ट्यासाठी दोन बंद. घरे पाडणाऱ्या पट्टीतच तो फसला. काडतुसाचा अर्धा घेर ३३ मिलीमीटर, म्हणून प्रत्येक घरासाठी त्याने ३३ धरले आणि शिवणींमध्ये २५ चे अंतर ठेवले. शिवून झाल्यावर दांडका आत जाईना. पुन्हा मोजले तेव्हा लक्षात आले : ३३ आणि २५ मिळून ५८ चे घर, आणि त्यात ६६ घेराचा पाहुणा! शंभरावा भाग मोजणाऱ्या माणसाला आठ मिलीमीटरांनी चकवले होते. पट्टी वरून नुसती वळत नाही, ती दोन्ही बाजूंनी खालीही उतरते, हे त्याने विसरून गणित केले होते. ३३ वळणाचे, दोन्ही बाजूंचे मिळून २१ आणि चामड्याच्या जाडीमुळे वाढणारे ३. एका घराला ५७. सहा घरांना ३४२, आणि टोकांचा दाब वेगळा.

दुसरी पट्टी कापताना त्याने घाई केली नाही. आधी पुठ्ठ्याचा नमुना केला, मगच रापी उचलली. कंपासाने कडेपासून सारख्या अंतरावर रेघ ओढली, चार-चार मिलीमीटरवर आरीने छिद्रे पाडली. शिवणीच्या चौपट लांबीचा दोरा घेऊन त्याला मेण चोळले आणि दोन्ही टोकांना बोथट सुया ओवल्या. एकाच छिद्रातून एक सुई उजवीकडून, दुसरी डावीकडून. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात. या शिवणीत एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो. शेवटी दोन टाके मागे येऊन दोरा कापायचा. मग पट्टी ओली करून सहाही दांडके बसवले.

दिवस ईशान्य मोसमी पावसाचे होते. चामडे दोन दिवस सावलीत ठेवले, तर सकाळी पांढुरकी बुरशी दिसली. ती पुसून तो तुकडा उन्हात ठेवायला निघाला होता. पण उन्हात चामडे कडक होऊन तडकते, हे ऐकलेले आठवले आणि तो थांबला. पंख्याखाली चौथ्या दिवशी ते सुकले. दांडके काढले. सहा घरे तशीच उभी राहिली. कडा किंचित पाण्याने ओल्या करून लाकडाने घासल्या, तेव्हा त्यांना चकाकी आली आणि खोलीभर एक वास पसरला : किंचित तुरट, सालीचा, ओल्या मातीच्या जवळचा. त्याला तो ओळखीचा वाटला. माळ्यावरच्या पोत्याजवळ लहानपणी येणारा वास हाच.

दिवाळीला गावी जाणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर त्याने तोसदान पाठवले. सोबत चिठ्ठी : कामावर असताना वापरावे, घरी आल्यावर काडतुसे काढून ठेवावीत; सालीत कमावलेल्या चामड्यातल्या आम्लामुळे पितळेवर हिरवट कळंक चढतो.

नानांचा फोन आला, त्यात कौतुक होते. मग त्यांनी फोन आबांच्या हाती दिला. बराच वेळ पलीकडे काही ऐकू आले नाही.

"दोरा दोन्ही अंगानं वढलास?"

"होय, आबा."

"आतली कड घासायची राहिलीया. तितं बोट लागतंय." पुन्हा थोडा वेळ गेला. "कुणी शिकवलं?"

त्याने कडुनिंबाखालच्या म्हाताऱ्याचे सांगितले. आबांनी त्याचे गाव विचारले, मुले काय करतात ते विचारले. मुले काय करतात, हे तरुणाला ठाऊक नव्हते. इतके दिवस त्याच्यापाशी बसून त्याने ते विचारलेच नव्हते.

"इचार की मग," आबा म्हणाले. "आणि हौस म्हणून केलंस ते ठीक हाय. तुला कुणी करायला लावलं न्हाई, म्हणून तुला ग्वाड लागलं. तुझ्या आज्याला कुणी इचारलं नव्हतं."

तरुणाजवळ यावर उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर तो नाक्यावर गेला. म्हातारा एका बुटाचा तळवा बसवीत होता. तरुण त्याच्या शेजारी, खाली, बसला. आणि या वेळी चामड्याविषयी काहीच न विचारता त्याने प्रथम त्याच्या घरची चौकशी केली.