संविधान दिनाची दौड आणि गोपुरीचा स्तूप

वर्धा शहरातून नागपूरच्या रस्त्याला लागले की गोपुरी येते. तिथे गीताई मंदिर आहे आणि त्याच परिसरात पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप आहे. जपानचे भिक्खू निचिदात्सु फुजी गुरुजी १९३३ साली गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले होते. त्यांच्याच संकल्पातून पुढे १९९३ साली हा स्तूप उभा राहिला. चारही दिशांना भगवान बुद्धांच्या मूर्ती आहेत. आपल्या वस्त्यांतली माणसे पौर्णिमेला मुलाबाळांना घेऊन तिथे जातात, घटकाभर शांत बसतात.

गेल्या २६ नोव्हेंबरला मात्र मी सकाळीच सायकलवर धापा टाकत तिथे पोचलो. माझ्या पुढे माझी एकोणीस वर्षांची मुलगी धावत होती.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने संविधान स्वीकारले. २०१५ पासून देशभर हा दिवस संविधान दिन म्हणून पाळला जातो. आमच्या वस्तीतली तरुण मुले त्या दिवशी विहारापासून स्तूपापर्यंत आणि तिथून परत अशी पाच किलोमीटरची दौड ठेवतात. आधी बाबासाहेबांच्या प्रतिमेला पुष्पहार, त्रिशरण-पंचशील, उद्देशिकेचे वाचन आणि मग शिट्टी. बक्षीस म्हणजे वही आणि पेन. पण या दौडीचा खरा उपयोग वेगळाच आहे. पावसाळ्यात मैदानावर चिखल, ऑक्टोबरात ऊन, त्यातच सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी, त्यामुळे मुलांचा सराव तुटलेला असतो. थंडी सुरू होताना आपले शरीर नेमके कुठे आहे, हे या दौडीत कळते. पुढे भरतीच्या मैदानावर कळण्यापेक्षा इथे कळलेले बरे.

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलींना ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. ८०० मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत यावे लागते. आमच्यासारख्या घरातल्या मुलीसाठी तो एकेक गुण म्हणजे नोकरीची एकेक पायरी आहे.

आता खरी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी तपासणी शिबिरात मुलीच्या रक्ताची तपासणी झाली. ती सिकलसेलची वाहक निघाली. आपल्या विदर्भात आणि आपल्या समाजात हा आजार पुष्कळ घरांत आहे. मी स्वतः विहारा-विहारांत जाऊन सांगत आलो आहे, की तपासणी करा, लपवू नका. पण स्वतःच्या घरी कागद आला तेव्हा मी पत्नीला म्हणालो, "सध्या कोणाले सांगू नको. पोरीचं लगन व्हायचं आहे." मुलीचे धावणेही बंद करायला लावले. दुसऱ्याच्या घरी जे ज्ञान सांगत होतो, ते माझ्या उंबरठ्याच्या आत आले नव्हते.

मुलीने ऐकले नाही. ती स्वतः डॉक्टरांकडे जाऊन विचारून आली. ज्याला दोन्ही पालकांकडून हा दोष मिळतो तो रुग्ण. ज्याला एकाकडूनच मिळतो तो वाहक, आणि वाहक सहसा निरोगीच असतो. तो धावू शकतो. मात्र सराव हळूहळू वाढवायचा, पाणी भरपूर प्यायचे, तापात किंवा भर उन्हात धावायचे नाही आणि पाय फार दुखू लागले, अशक्तपणा किंवा दम वाटला तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा.

दौडीच्या सकाळी शेजारच्या मावशी सर्वांसमोर म्हणाल्या, "काहून जी भाऊ, पोरीले धाववता? तिच्या रक्तात दोष हाय म्हणते."

मी खाली पाहिले. मुलगी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "हो मावशी, मी वाहक आहे. आजारी नाही. तुमच्या नातवाचीबी तपासणी करून घ्या."

कोणीच काही बोलले नाही. शिट्टी झाली आणि ती निघाली. मी पाण्याची बाटली घेऊन सायकलवर मागे राहिलो.

मुलांच्या नादाने ती सुरुवातीला जोरात धावली. स्तूपापर्यंत १४ मिनिटे ५० सेकंद लागले. तिथे थांबून तिने घोट-घोट पाणी प्यायले. परत येताना वेग पडला, १६ मिनिटे ५० सेकंद लागले. एकूण ३१ मिनिटे ४० सेकंद. तिच्यापुढे पुष्कळ जण होते, वही-पेन तिला मिळाले नाही. विहाराच्या पायरीवर बसून तिने आकडे वहीत लिहिले आणि म्हणाली, "बाबा, सुरुवात हळू करावी लागते. दम आहे, तो वाटून खर्चता येत नाही. डिसेंबरभर तेच शिकीन."

आपण कुठे कमी पडतो हे तिने अर्ध्या तासात ओळखून लिहूनही ठेवले. मला त्याला दोन वर्षे लागली.

बंधू-भगिनींनो, लग्नाआधी दोघांचीही तपासणी करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक असते. पत्रिका पाहणे आपण सोडले, आता रक्ताचा कागद पाहू या. पण तो कागद मुलीला घरात कोंडण्यासाठी वापरू नका.

त्या आठवड्यात मावशी नातवाला घेऊन तपासणीला गेल्या. सोबत माझी मुलगी होती.

जयभीम!