अम्मींसाठी जुनी मोटारहोम

अम्मींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून चिपळूणला खालांकडे जाणे जवळजवळ बंदच पडले होते. खराडीहून निघायचे, उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा. थांबत थांबत गेले की अख्खा दिवस जातो. अम्मींना दर तास-दीड तासाला लघवीला जावे लागते आणि वाटेतल्या बहुतेक हॉटेलांत उकिडवे बसायचे संडास. मग त्या आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नसत. मागच्या खेपेला त्यातूनच लघवीचे इन्फेक्शन झाले, चार दिवस ताप. तेव्हा मुलांनी मोटारहोमचा विषय काढला. आत पलंग, आत संडास, जाईल तिथे आपले घर.

नवी घेणे आमच्या आवाक्यात नव्हते. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हे घरात आधीपासून ठरलेले. भिशीचे आणि साठवलेले मिळून सहा लाख होते, तेवढ्यातच बसवायचे.

पहिली गाडी नगर रोडच्या बाजूला एका शेडमध्ये पाहिली. टेम्पो ट्रॅव्हलरची केलेली मोटारहोम. लाकडी कपाटे, गॅसची शेगडी, छोटा संडास, निळे दिवे. मुले तर पलंगावर चढूनच बसली. मागणी अकरा लाखांची, पण 'बसून बोलू' म्हणाला. आम्ही आरसी बुक मागितले. त्यावर साधी सतरा आसनी बस लिहिलेली!

इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण पुष्कळांचे पैसे इथेच अडकू शकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने बनवलेल्या गाडीत मनाने मोठे बदल करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केले. आपल्याकडच्या नियमांत 'मोटर कॅराव्हॅन' हा वेगळा प्रकार आहे. त्यात बसायला आसने व टेबल, झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा असावी लागते. पण आत सगळे असून कागदावर बसच असेल, तर आरटीओत अडचण आणि अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद. गाडी बघायच्या आधी कागद बघावा, हे आम्ही तिथे शिकलो.

तरी मन मोडवत नव्हते. ते मोडले संडासाच्या टाकीने. "ही रिकामी कुठे करायची?" असे विचारले, तर विक्रेता हसून म्हणाला, "घाटात कुठेही सोडा, कोण बघतंय?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. लहानपणापासून ज्या घरात तहारत शिकवली जाते, त्यांनी आपली घाण दुसऱ्याच्या ओढ्यात सोडायची? शिवाय शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. ते घेऊन जुनी गाडी घाट चढणार होती.

मग ठरवले, मोटारहोम नको, नुसती चांगली ट्रॅव्हलर बघू. ही गाडी मूळची पुण्याच्याच कंपनीची. आकुर्डीची फोर्स मोटर्स, म्हणजे जुनी बजाज टेम्पो. ट्रॅव्हलर 1987 पासून रस्त्यावर आहे, त्यामुळे पार्ट मिळतात आणि कुठल्याही गावचा मेकॅनिक हात लावतो. खराडीत आयटी पार्कच्या स्टाफला ने-आण केलेल्या गाड्या स्वस्तात दिसल्या. पण त्या रात्रंदिवस पळालेल्या, पिवळ्या नंबरप्लेटच्या. पांढरी प्लेट करायची तर परमिट परत करा, टॅक्सचा फरक भरा, हेलपाटे घाला.

चंदननगरचे आमचे ओळखीचे मेकॅनिक प्रत्येक वेळी बरोबर आले. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडून धूर येतो का ते बघत, चाकांवरचा आणि पायाखालचा पत्रा ठोकत, एसीच्या भोकाजवळ पावसाचे पाणी झिरपल्याच्या खुणा शोधत. टायरवरचे चार आकडे वाचायला त्यांनीच शिकवले. 3216 म्हणजे 2016 चा बत्तिसावा आठवडा. टायर चकचकीत दिसला तरी वय लपत नाही.

सातवी गाडी घेतली. 2015 ची, पांढऱ्या प्लेटची, एका एकत्र कुटुंबाने वापरलेली. मालक वयस्कर गृहस्थ. आम्ही विचारण्याआधीच म्हणाले, "डावी बाजू एकदा घासली आहे, रंग नवा आहे. आणि दुसरा गिअर थंडीत अडखळतो." ऐब सांगून माल विकणारा माणूस महिनाभरात तोच एक भेटला. चार लाख साठ हजारांना सौदा झाला. गाडीवर बँकेचे नाव होते. ते उतरवायचा फॉर्म 35 आणि नावावर करायचे 29 व 30, तिन्हींवर सह्या झाल्यावरच उरलेली रक्कम दिली. चलन बाकी निघाले दोन हजारांचे, ते त्यांनीच भरले. टायर, बॅटरी, विमा धरूनही सहा लाखांच्या आत राहिलो.

आत आम्ही एक स्क्रूसुद्धा हलवला नाही. मेडिकलच्या दुकानातून घडीची कमोड खुर्ची आणली, झाकणाचे भांडे असलेली. दोन सीटच्या मधल्या जागेत ती मावते. काचांना जाड पडदे. गाडी थांबवायची, पुरुषांनी खाली उतरायचे. भांडे पुढच्या पेट्रोल पंपाच्या संडासात रिकामे करून धुवायचे. मागची सलग सीट अम्मींना आडवे व्हायला पुरते, तेही गाडी उभी असतानाच.

डिसेंबरात पहिल्यांदा निघालो. कोयनानगरला चहाला थांबलो, तेव्हा अम्मींनी रिकामा कप पुढे केला आणि म्हणाल्या, "अजून अर्धा मिळेल का?"