साडेसातचं बोलणं

२०१२च्या पावसाळ्यात पनवेलमधल्या एका वाचनालयात मी भाषण केलं होतं. विषय मीच सुचवला होता, ‘मालिकांचा विळखा’. समोर पन्नासेक माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. बाहेर पाऊस असा की माइक असूनही ओरडून बोलावं लागत होतं. मी म्हणालो, “दूरदर्शनवर रामायण ७८ भागांत संपलं, महाभारत ९४ भागांत. सासूचे ‘चार दिवस’ मात्र तीन हजार भाग होत आले तरी संपेनात!” टाळ्या पडल्या. या वाक्यावर टाळ्या पडणार हे मला घरून निघतानाच ठाऊक होतं.

आठ वाजून गेले तशी सभागृहात चुळबुळ सुरू झाली. छत्र्या हातात आल्या, पिशव्यांचे बंद उलगडले गेले. पावसामुळे लोक घाईत आहेत असं मला वाटलं. आभार उरकून जिना उतरताना पुढच्या आजी दुसऱ्या आजींना म्हणाल्या, “चला लवकर, घना-राधाचं सुरू होईल.” मी मान हलवून, जरा दुःखी चेहऱ्याने, त्यांना वाट करून दिली. मनोगत लिहायला बसलोच आहे तर हेही सांगून टाकतो: मलासुद्धा ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’च गाठायची होती. घरी मी ती पेपर तोंडासमोर धरून बघायचो. आपण बघतो ती मालिका ‘वेगळी’ असते, हा तर माझ्यासारख्या प्रत्येकाचा दावा असतोच.

माझं मत म्हणजे तेव्हा काय होतं? मराठीत मालिका दोनच, एक ‘चिमणराव’, दुसरी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’, आणि दोन्हींत दिलीप प्रभावळकर. बाकी सगळा भुसा. हे मी इतकी वर्षं इतक्या ठामपणे बोलत आलो की कुणी उलट विचारलंच नाही, ‘बाबा रे, चिमणराव लागायचं तेव्हा तू केवढा होतास?’ दूरदर्शनचं मुंबई केंद्र आणि मी एकाच वर्षीचे, १९७२चे. चिमणराव आला सत्तरचं दशक संपता संपता. मला त्यातलं खरं आठवतं ते एवढंच: पनवेलच्या लाईन आळीतल्या एका घरची थंड फरशी, सरकत्या दाराच्या लाकडी पेटीतला टीव्ही, आणि पुढे बसलेल्या मुलाचं डोकं. बाकी सगळं मत वडिलांचं. त्यांच्यामागे मी ते वारशात घेतलं, जुन्या घड्याळासारखं, चालतं की नाही हे न बघता.

घरात मालिका बघायच्या त्या आई आणि माझी बायको. मी फोर्टातल्या ऑफिसातून हार्बरने पनवेलला उतरून घरी येईपर्यंत आठ वाजून जायचे. दार उघडलं की आधी टीव्हीचा आवाज यायचा, मग कुकरचा, मग या दोघींचा. मी हात-पाय धुऊन जेवायला बसायचो आणि शेरे मारायचो. “झोपतानासुद्धा हिच्या गळ्यात एवढे दागिने?” “एकच थोबाडीत तीनदा दाखवली.” दोघी हसायच्या आणि पुन्हा पडद्याकडे बघायच्या. आई फार तर म्हणायची, “तू जेव रे.”

डिसेंबर २०१९मध्ये ‘आई कुठे काय करते’ सुरू झाली, घरासाठी राबणारी अरुंधती आणि तिला फसवणारा नवरा अनिरुद्ध यांची गोष्ट. ही कथा मूळची बंगाली ‘श्रीमोयी’ची, पुढे २०२०मध्ये हिंदीत तिचीच ‘अनुपमा’ झाली. हे मला समजल्यावर मी आईला विजयी मुद्रेने सांगितलं, “उसनी गोष्ट आहे ही.” आई मेथी निवडत होती. म्हणाली, “नवरे काय फक्त बंगालातच असे असतात?”

मग मार्च २०२० आला. ऑफिस घरी आलं. संध्याकाळी साडेसातला मी पहिल्यांदाच घरात, आणि नेमक्या तेव्हाच मालिका बंद! चित्रीकरण थांबलं, साठवणीतले भाग संपले, जुनेच पुन्हा लागू लागले. दूरदर्शनने रामायण परत आणलं. आम्ही सगळ्यांनी आठवडाभर भक्तिभावाने पाहिलं. मग मुलगा आत जाऊन मोबाइल बघू लागला आणि मी डुलक्या घेऊ लागलो.

मे महिन्यात आई आणि बायकोचं भांडण झालं. कारण अगदीच फुटकळ: बाहेरून आणलेली भाजी मिठाच्या पाण्यात किती वेळ ठेवायची. पण आवाज चढले. आई म्हणाली, “तुझंच घर आहे, तूच बघ.” बायको म्हणाली, “तेवीस वर्षांनी कळलं का?” दोघी दोन दिवस एकमेकींशी माझ्यामार्फत बोलल्या. मला धक्का बसला. अशी समोरासमोर ठिणगी आमच्या घरात मी कधी पाहिलीच नव्हती. मला वाटायचं, आमच्याकडे सासू-सुनेचं पटतं, कारण दोघी समजूतदार आहेत. आणि थोडंफार श्रेय माझंही, असंसुद्धा वाटायचं.

जुलैत नवे भाग सुरू झाले. पहिल्या दिवशी दोघी सोफ्यावर नेहमीच्या जागी, मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेलो. पडद्यावर कांचन, म्हणजे अरुंधतीची सासू, मुलाची बाजू घेऊन काहीतरी बोलली. बायको पडद्याकडे बघत म्हणाली, “सुनेनं कितीही करा, शेवटी लेक तो लेक.” आई काही क्षण थांबली. मग तीही पडद्याकडेच बघत म्हणाली, “त्या म्हातारीला भीती वाटते गं. हातातलं सगळं गेलं की माणूस भाजीवरनंसुद्धा भांडतं.”

मालिकेत भाजीचा काहीच संबंध नव्हता.

मी लॅपटॉपवरून मान वर केली. दोघींच्या नजरा समोरच. जाहिराती लागल्या तेव्हा बायको उठून चहा टाकून आली आणि आईच्या कपात, डॉक्टरांनी नको सांगितलेली, अर्धा चमचा साखर घातली. भांडण संपलं होतं. ते कुठे आणि कसं संपलं हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून तर लिहितो आहे.

लेकी बोले सुने लागे, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दोन गुणांसाठी लिहिली होती. ती आमच्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी चालू होती आणि मी तिला ‘डेली सोप’ समजून नाक मुरडत होतो. अरुंधती, कांचन, अनिरुद्ध, संजना ही मालिकेतली माणसं त्या दोघींना खरी वाटत होती असा माझा समज. त्यांना ती खरी कधीच वाटली नव्हती. ती सोयीची होती. कांचनला नावं ठेवली तर घरातल्या कुणाचा मान जात नाही, अरुंधतीची बाजू घेतली तर कुणापुढे नमतं घ्यावं लागत नाही. तेवीस वर्षं याच सोयीवर आमचं घर चाललं होतं. आधी ‘दामिनी’ होती, मग ‘आभाळमाया’, मग ‘वादळवाट’. माणसं बदलली, जागा तीच राहिली. तीन महिने ती जागा रिकामी पडली आणि दोघींना प्रथमच थेट बोलावं लागलं. ते त्यांना जमलं नाही. मला तरी कुठे जमतं?

त्या उन्हाळ्यानंतर मी नीट ऐकू लागलो. मालिका नव्हे, या दोघींना. मग बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. बायको एकदा म्हणाली, “अनिरुद्ध स्वतःचं पाण्याचं भांडं कधी उचलतो का हो, आई?” आई म्हणाली, “लहानपणी सवय लावली नाही. चूक आईचीच.” मी माझ्या ताटाकडे पाहिलं. हे वाक्य किती वर्षं हवेत फिरत होतं कोण जाणे! पूर्वी ते कुण्या दुसऱ्या मालिकेतल्या दुसऱ्या नवऱ्याच्या नावाने आलं असेल आणि मी वर ‘काय भंपक पात्र आहे’ असा शेरा मारला असेल. ताट मी त्या दिवशी उचललं. कुणी काही म्हणालं नाही. या पद्धतीत पोचपावती देत नाहीत.

एकदा आईचा गुडघा दुखत होता म्हणून मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. टीव्ही भिंतीपलीकडे. अर्ध्या तासात मला एकही प्रसंग दिसला नाही, पण कळलं सगळं. कोण आलं ते आधी हाक मारून सांगतात, काय झालं ते दुसरा माणूस प्रश्न विचारून परत वदवून घेतो, वाईट माणसाच्या मागे वाईट संगीत. वाचनालयात मी यालाच ‘प्रेक्षकाला मूर्ख समजणं’ म्हणालो होतो. वास्तविक ही गोष्ट डोळ्यांसाठी लिहिलेलीच नव्हती. ती फोडणी देता देता ऐकायची होती. मध्ये गॅस बंद करून आलेल्या बाईला धागा परत सापडावा म्हणून पुन्हा सांगायची. कीर्तनकार उशिरा आलेल्यांसाठी ‘तर काय झालं’ म्हणून मागचं परत सांगतात, तेव्हा आपण त्याला परंपरा म्हणतो.

म्हणजे मालिका चांगल्या असतात असं मी आता म्हणतो का? नाही. तीनदा दाखवलेली थोबाडीत मला आजही खटकते. कट करणारी बाई कट मोठ्याने बोलून का करते, हे कोडं सुटलेलं नाही. टीआरपी उतरला की चांगल्या माणसाचा अपघात होतो, हे आमच्या इमारतीतल्या वॉचमनलाही माहीत आहे. आणि हे सगळं माझ्या आईला माझ्याहून आधी दिसतं, हे मला उशिरा समजलं. एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात पुन्हा चित्रीकरणावर बंदी आली, अनेक मालिकांचे चमू गोवा, सिल्वासाकडे गेले आणि पडद्यावरची कुटुंबं एकाएकी सहलीला निघाली. आई म्हणाली, “सगळेच रिसॉर्टला? मग घराच्या चाव्या कुणाकडे?” असा प्रश्न परीक्षण लिहिणाऱ्या माणसाला सुचायला हवा.

आई मूळची कुडाळकडची. याच्याही आधी ‘रात्रीस खेळ चाले’ लागली तेव्हा अर्धा वेळ भीती आणि अर्धा वेळ भाषेतल्या चुका काढणं. भुताखेतांमुळे कोकणाची बदनामी होते म्हणून सिंधुदुर्गात नाराजी उमटली होती. मीही त्याच पंथाचा. आईचं म्हणणं वेगळं: “आमची भाषा टीव्हीवर आली हे आधी बघ.” लग्न होऊन पनवेलला आल्यावर सासूने तिचं मालवणी बोलणं दोन वर्षांत बंद करवलं होतं. हेही मला त्या मालिकेच्या वेळीच कळलं, आणि तेसुद्धा आडून. पुढे गावी गेलो तेव्हा तिच्या हट्टापायी गाडी आकेरीला वळवली, मालिकेतल्या अण्णा नाईकांचा वाडा बघायला. आमच्यासारखीच आणखी माणसं मोबाइल घेऊन उभी होती. आई बराच वेळ अंगणाकडे बघत राहिली. म्हणाली, “अण्णा मेलो वाईट, पण खळां बरां ठेवल्यानी.”

मालिकांत मी इतका मुरलो की एक फजितीही झाली. वडाळे तलावाला फेरी मारताना पुढे आमच्याच इमारतीतल्या दोन काकू होत्या. एक म्हणत होती, “पंचवीस वर्षांनी सांगतो, दुसरी आहे म्हणून. आणि ती अजून त्याच घरात राहते!” मी पुढे होऊन उत्साहाने म्हणालो, “काळजी करू नका काकू, तिचं दुसरं लग्न होतं, माणूसही चांगला मिळतो.” दोघी थांबल्या. काकूंच्या सख्ख्या भाचीचा विषय चालला होता. मी तलावातल्या कमळांकडे बघत फेरी पूर्ण केली. गंमत म्हणजे चार दिवसांनी जिन्यात भेटल्यावर काकूंनीच हळूच विचारलं, “त्या मालिकेत तिने घर सोडल्यावर पैशाचं काय केलं हो?” मी सांगितलं, “गाणं शिकवायला लागते.” त्या म्हणाल्या, “हिचं बी.कॉम. आहे.” आणि पुढे गेल्या. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

‘आई कुठे काय करते’ शेवटी शेवटी दुपारच्या वेळेत गेली. आईने आपली झोप तीन वाजता सरकवली आणि नाराजी महिनाभर बोलून दाखवली. ३० नोव्हेंबर २०२४ला ती संपली. मी त्या शनिवारी मुद्दाम घरी थांबलो होतो. वाचनालयातल्या त्या भाषणाचं कात्रण माझ्याकडे अजून आहे. परवा कपाट आवरताना ते बायकोच्या हाती लागलं. तिने शांतपणे वाचलं आणि परत घडी घालून ठेवलं. रात्री टीव्ही बघताना मात्र आईला म्हणाली, “काही माणसं भाषण छान करतात, नाही?” पडद्यावर वकील उभा होता. पण तिचा रोख वकिलाकडे नव्हता.

सध्या रात्री ‘ठरलं तर मग’ असते. गेल्या आठवड्यात जेवताना पडद्यावर कुणीतरी वडिलांना तोडून बोललं. मी भाकरीचा तुकडा मोडत, पडद्याकडे बघत, अगदी सहज म्हणालो, “हल्ली मुलांना दिवसातून एकदा घरी फोन करायचीही फुरसत नसते.” आवाज बरोबर लागला होता. इतक्या वर्षांच्या ऐकण्याचा तेवढा उपयोग झाला होता.

मुलाने मोबाइलवरून मान वर केली. “बाबा, हे मला म्हणताय की टीव्हीला?”

मी गप्प. बायको ताक ओतत होती, ती ओतत राहिली.

“टीव्हीला रे,” आई म्हणाली. “तू जेव.”