मागची फळी

दिल्लीतलं मुनिरका अरवलीच्या खडकावर आहे. एका अंगाला जेएनयूचं विलायती बाभळीचं रान, दुसऱ्या अंगाला आउटर रिंग रोडची न सरणारी घरघर. मालवणजवळचं आमचं देवबाग इथून सरळ रेषेत सुमारे साडेचौदाशे किलोमीटर. तरी गेला पावसाळाभर माझ्या टेबलावर देवबागच्या एका होडीची मागची फळी पसरलेली होती. दादाने ती वर्तमानपत्रावर पेन्सिलीने खऱ्या मापात आखून, घडी घालून पोस्टाने पाठवली होती. होडी अठरा फुटांची, शिडाची. तिला आउटबोर्ड मोटर लावायची होती. कोणती, कुठे आणि किती उंचीवर, हे आम्हा दोघा भावांना फोनवरच ठरवायचं होतं.

देवबाग म्हणजे चिंचोळी वाळूची पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी आणि दक्षिण टोकाला दोघांचा संगम. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो होडीला बाहेर नेतो. दुपारचा खारा वारा तिला घरी आणतो. पण या दोन वाऱ्यांच्या मध्ये एक मेलेली वेळ असते. शीड लोंबतं, पाणी तेलासारखं पडून राहतं. नेमकी तेव्हाच ओहोटी लागलेली असली, तर खाडीचं पाणी संगमातून असं बाहेर धावतं की वल्ही त्याला पुरी पडत नाहीत. आमचे आजोबा अशा वेळी नांगर टाकून भरतीची वाट पाहत. दादाची साठी उलटली आहे आणि तो बहुधा एकटाच जातो. त्याला वेग नको आहे. संगमातून आत येण्याची खात्री हवी आहे.

दुकानात पहिला प्रश्न येतो तो अश्वशक्तीचा. शिडाच्या होडीसाठी तो पहिला नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्या होडीचं पोट पाणी बाजूला सारत जातं, तिचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, 1.34 ने गुणायचं. नॉटमध्ये वेगाची मर्यादा मिळते. आमची होडी पाण्यात 16 फूट बसते. वर्गमूळ 4, म्हणजे साधारण 5.4 नॉट, ताशी दहा किलोमीटर. त्यापुढे कितीही दांडगी मोटर लावली तरी ती होडीला पळवत नाही. होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते, मागचा भाग खाली बसतो आणि पेट्रोल जळत राहतं. 1909 साली मिलवॉकीत ओले एव्हिनरूडने आपली आउटबोर्ड विकायला काढली, तेव्हा ती दीड अश्वशक्तीची होती. लोकांनी ती वल्ह्यांच्या होड्यांना लावली आणि समाधानाने फिरले. आम्ही पाचवर थांबलो, तेही ओहोटीच्या ओढीसाठी.

खरा प्रश्न शाफ्टच्या लांबीचा, म्हणजे मोटरचा पंखा फळीपासून किती खाली पोचतो त्याचा. आखूड शाफ्ट 15 इंची फळीसाठी, लांब 20 इंचीसाठी. नुसतं माप धरलं तर आमच्या फळीला आखूड चालला असता. पण माप होडी उभी असतानाचं असतं आणि समुद्र कधी उभा नसतो. दादा फोनवर म्हणाला, “होडी लाटेर चढली की मागसून उचालता. पंखो हवेत फिरतलो, तेका पानी गावणा नाय.” पंखा हवेत फिरला की इंजिन किंचाळतं आणि ढकल संपते, तीही संगमातल्या लाटांत, जिथे ती हवी असते. म्हणून लांब शाफ्टच. पंख्याच्या वर जी आडवी पाती असते, ती होडीच्या तळापेक्षा थोडी खालीच राहिली पाहिजे. पंखाही रुंद आणि कमी पिचचा घेतला. तो कमी धावतो पण जास्त ढकलतो, आणि जड होडीला ढकलच लागते.

फोर-स्ट्रोक घेतली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला नको, आवाज कमी. वजन मात्र पंचवीस किलोच्या आसपास, आणि ते होडीच्या अगदी टोकावर. ते तोलायला पेट्रोलची टाकी आणि नांगर पुढे सरकवायचं ठरलं.

मधोमध सुकाणू, म्हणजे मोटर बाजूला घेणं आलं. वर्तमानपत्रावर मी पुठ्ठ्याचं सुकाणू कापून ठेवलं, खिळ्याभोवती दोन्हीकडे पूर्ण फिरवलं आणि ते पंख्याला लागणार नाही एवढंच अंतर सोडलं. मोटर जास्त दूर नेली तर होडी उलट अंगाला कलताना ती पाण्याबाहेर येईल.

मोटर ज्यावर पकड घेते तो ठोकळा मुनिरका गावातल्या एका सुताराने केला. साग कीर्तिनगरहून आणला, पाठीमागच्या आधारासाठी आयएस 710 छापाचा मरीन प्लाय. समुद्र न पाहिलेल्या त्या माणसाने विचारलं, “भाईसाहब, ये हिलेगा?” म्हटलं, “दिनभर.” “तो स्क्रू भूल जाइए. आर-पार बोल्ट, पीछे पट्टी.” तेच बरोबर होतं. भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि मग त्यातून बोल्टची भोकं पाडली, म्हणजे खारं पाणी लाकडाच्या गाभ्यात शिरत नाही. बोल्ट 316 प्रतीच्या स्टेनलेसचे. घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि काही वर्षांनी फळी आतून कुजलेली सापडते.

एक गोष्ट दादाने मोजूनमापून स्वीकारली. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना ती लागू नसते. मोटर लावली की ही सवलत सुटते. त्या दोन महिन्यांत समुद्राला आणि माशांना विसावा मिळावा, असं त्यालाही वाटतं. त्यामुळे आता होडी नारळी पौर्णिमेपर्यंत माडाखाली राहते.

वारा असेल तेव्हा मोटर वर उचलून ठेवायची, नाहीतर थांबलेला पंखा होडीला मागे ओढतो. चालू केल्याबरोबर मागे पाण्याची बारीक धार पडते का ते पाहायचं. नसेल तर थंडावा फिरत नाही, तत्काळ बंद करायची. परतल्यावर पिंपभर गोड्या पाण्यात चालवून मीठ धुवायचं. पकडीचे स्क्रू थरथरीने सैल होतात, म्हणून वेगळी साखळीही हवीच.

आणि शिडाची होडी एकट्याने नेणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती: मोटर बंद करणारी ती लाल दोरी मनगटाला अडकवल्याशिवाय स्टार्टर ओढू नका. माणूस पाण्यात पडला आणि होडी चालत राहिली, तर दहा किलोमीटरचा वेगसुद्धा पोहून गाठता येत नाही.