टीप आणि टीटीएमएम

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये टेबल मॅनर्सचा चक्क तास असायचा. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या, नॅपकिन मांडीवर आणि वेटरला ‘थँक यू’. पण बिलाच्या डिशमध्ये किती ठेवायचे, हे कुठल्याच मिसने शिकवलं नाही. (मराठीही तसं अर्धवटच शिकवलं, तेव्हा चुका पोटात घाला!)

तर झालं असं, सबमिशन संपलं म्हणून आम्ही आठ जणी जेवायला गेलो. बिल आलं १,८४० रुपये. हॉस्टेलच्या रिवाजाप्रमाणे टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी. प्रत्येकी २३०. मी मोबाइलवरून सगळं बिल भरलं, बाकीच्यांनी मला पाठवले. आम्ही डिशमधली बडीशेप मूठ मूठ खाल्ली, कोरसमध्ये “थँक यू काका” म्हटलं आणि गेट बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून पळालो.

रिक्षात बसताना माझी रूमी म्हणाली, “ओढणी राहिली गं!” आणि परत आत गेली. ओढणी तर तिच्या गळ्यातच होती!

रात्री खोदून विचारलं तेव्हा कळलं. तिचे बाबा वेटर आहेत. दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहतो आणि मला माहीत काय, तर “ते हॉटेल लाइनमध्ये आहेत.” पगार घरखर्चात जायचा. टीपचे पैसे आई एका डब्यात टाकायची. त्या डब्यातून हिच्या बारावीच्या क्लासची फी भरली. “आता सगळे स्कॅन करतात. सुटे परत द्यायचेच नसतात, मग डिशमध्ये राहणार काय? बाबा म्हणतात, डबा आता वाजत नाही.”

मी तरीही वाद घातलाच. “अगं, पण बिलात सर्व्हिस चार्ज असतो ना!” तिने पर्समधून बिल काढायला लावलं. अडीच टक्के सीजीएसटी, अडीच टक्के एसजीएसटी. हा कर, सरकारजमा. सर्व्हिस चार्ज नव्हताच. हॉटेलने तो परस्पर लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. म्हणजे द्यायचं की नाही, ही गिऱ्हाइकाची मर्जी. त्या मर्जीतला ‘नाही’ तेवढा आम्ही बरोबर उचलला होता.

मग द्यावी तरी किती? अमेरिकेत पंधरा-वीस टक्के देतात. जपानमध्ये टीपची पद्धतच नाही. आपल्याकडे कुणी पाच-दहा टक्के ठेवतं, कुणी नुसते सुटे. आम्ही इंजिनिअर, त्यामुळे फॉर्म्युला काढला: माणशी दहा रुपये, रोख. १,८४० वर ८०, म्हणजे पाच टक्केसुद्धा नाहीत. एवढ्याने आपला महिना काही कोसळत नाही.

मागच्या आठवड्यात पुन्हा तिथेच गेलो. डिशमध्ये दहाच्या आठ नोटा ठेवल्या आणि निघालो. काका मागून हाक मारत आले, “ताई, तुमचे पैसे राहिले!”

रूमी म्हणाली, “राहिले नाहीत काका, ठेवलेत.”

(हे सगळं रूमीला विचारूनच लिहिलंय. ती म्हणाली, “लिही. पण बाबा वेटर आहेत, हे स्पष्ट लिही. हॉटेल लाइन वगैरे नको.”)