कादंबरीकाराचा आठवडा

मराठी कादंबरीकाराच्या चरित्रात त्याचे जन्मगाव, शिक्षण, ग्रंथांची यादी आणि मिळालेले पुरस्कार यांची नोंद हमखास सापडते. परंतु तो सोमवारी सकाळी कामासाठी कोठे जात असे, बाजाराच्या दिवशी त्याच्या पिशवीत काय येत असे, रविवारची दुपार त्याने कशात घालवली आणि त्या दुपारी घरचे काम कोणी उरकले, याची नोंद क्वचितच सापडते. ही उणीव किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. कविता एखाद्या क्षणी सुचली असे म्हणता येते, कथा एका बैठकीत पुरी झाल्याचेही ऐकिवात असते. कादंबरी मात्र बहुधा महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे चालणारे काम असल्यामुळे ती लेखकाच्या नोकरीच्या, सुटीच्या आणि घरगुती व्यापाच्या फटींतच वाढत जाते. त्यामुळे कादंबरीकाराचा आठवडा कसा होता हा वाङ्मयेतिहासाचाच एक प्रश्न ठरतो, आणि त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो: काम आणि उसंत यांची अशी वाटणी झालेला आठवडा मुळात कोणाच्या वाट्याला आला?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी हे गाव या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष सोयीचे आहे. वेरूळकडून कसाबखेड्यावरून शिऊरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, कापूस, मका आणि कांदा पिकवणाऱ्या शिवाराचे हे गाव वाङ्मयाच्या नकाशावर येते ते संत बहिणाबाईंचे जन्मस्थान म्हणून. येथे 1628 मध्ये जन्मलेल्या आणि शिऊर येथे 1700 मध्ये देह ठेवणाऱ्या बहिणाबाई कादंबरीकार नव्हत्या. तथापि स्वतःचे आयुष्य अभंगांतून क्रमाने सांगणारे त्यांचे आत्मनिवेदन, म्हणजे अलीकडच्या भाषेत पद्य आत्मचरित्र, मराठी गद्य कादंबरी जन्माला येण्यापूर्वीच एका लिहित्या बाईचे रोजचे जगणे नोंदवून गेले आहे. याच टापूत पश्चिमेला असलेल्या वैजापूरच्या महाविद्यालयात ‘पाचोळा’ या कादंबरीचे लेखक रा. रं. बोराडे यांनी प्राचार्यपद सांभाळले. शेजारशेजारच्या या दोन ठिकाणांमध्ये अंतर थोडे आहे, पण त्या दोन लेखकांच्या आठवड्यांमध्ये तीन शतके आहेत.

मराठी कादंबरीचे आठवड्याशी असलेले नाते तिच्या तारुण्यापासूनचे आहे. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी त्यातून क्रमशः, म्हणजे अंकागणिक हप्त्याहप्त्याने, वाचकांपुढे आली. संस्कृत पोथ्यांचे जतन आणि प्रकाशन करणाऱ्या पुण्याच्या आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था पाहत, सार्वजनिक कामांत वेळ देत आपट्यांना ठरल्या दिवशी मजकूर छापखान्यात पोचवावा लागे. त्याच 1890 मध्ये, 10 जून रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे चालवलेल्या चळवळीला यश येऊन मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांची रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. या दोन घटनांचा एकमेकींशी प्रत्यक्ष संबंध नाही; तरीही दर आठवड्याला वाचायला काही हवे असणारा सुशिक्षित वर्ग आणि दर आठवड्याला एक दिवस स्वतःसाठी मागणारा श्रमिक वर्ग एकाच वर्षी ठळकपणे पुढे यावेत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. घड्याळाने आणि पंचांगापेक्षा कॅलेंडरने चालणारा नवा काळ समाजात रुजत होता, आणि कादंबरी ही त्या काळाची वाङ्मयीन सोबतीण होती.

पुढील काळात तर नोकरदार कादंबरीकार हा मराठीतला नेहमीचाच नमुना ठरला, कारण केवळ कादंबरीच्या मानधनावर संसार चालवणे फार थोड्यांना साधले. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 या काळात शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते, श्री. ना. पेंडसे मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये नोकरी करून कोकणातल्या माणसांविषयी लिहीत होते, जयवंत दळवी अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याच्या मुंबई कार्यालयात होते, रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत ‘ताम्रपट’सारखी विस्तीर्ण कादंबरी रचत होते. अशा लेखकाच्या आठवड्यात पाच-सहा दिवस दुसऱ्याच्या मालकीचे असतात. उरलेल्या पहाटा, रात्री आणि सुट्या जोडून त्याला लेखन करावे लागते, आणि सलगपणा ही कादंबरीची पहिली गरज असल्यामुळे सोमवारी तुटलेला धागा पुढच्या रविवारी पुन्हा हाती लागेपर्यंत तो मनातल्या मनात धरून ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते. मराठीतील कित्येक कादंबऱ्यांची प्रकरणे आखूड आणि स्वयंपूर्ण का असतात, याचे एक कारण लेखकाच्या रजेच्या अर्जात शोधले तरी ते अगदीच वावगे ठरणार नाही.

तथापि खेड्याचा आठवडा रविवारभोवती फिरत नाही. तो आठवडी बाजाराभोवती, म्हणजे आसपासच्या दहा-वीस वाड्यावस्त्यांनी मिळून ठरलेल्या वारी भरणाऱ्या बाजाराभोवती फिरतो. त्या दिवशी शेतमजूर सहसा रानात जात नाहीत, आठवडाभराच्या मजुरीचा हिशेब होतो, उधारी मागितली आणि टाळली जाते, कोणाच्या घरी पाव्हणे येऊन गेले आणि सोयरीक कोठे अडली याच्या बातम्या आपोआप पोचतात. देवगावसारख्या बाजारपेठेच्या गावात शिक्षकी किंवा शेती सांभाळून लिहिणाऱ्या माणसाच्या छोट्या सुखांची यादी करायची झाली तर ती बहुतेक याच दिवसात मावेल. सकाळी कटिंगच्या दुकानात नंबर लावून बसल्या बसल्या कालचे वर्तमानपत्र पुन्हा एकदा चाळावे, माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या, पालांमधून हिंडताना वांग्यांचा भाव तीन ठिकाणी विचारून चौथ्या ठिकाणी ती घ्यावीत, कासरा आणि दावी विकणाऱ्याने दोर दोन्ही हातांनी ताणून त्याची मजबुती दाखवलेली बघत उभे राहावे, घरी लेकरांसाठी गोडीशेवेचा पुडा बांधून घ्यावा आणि हॉटेलच्या बाकड्यावर ओळखीच्या माणसाने सांगितलेला चहा ‘नको नको’ म्हणत घ्यावा, असा हा क्रम असतो. यातील एकही गोष्ट वाङ्मयीन म्हणता येणार नाही, आणि या सुखांचे खरे मोल नेमके तेथेच आहे.

लेखक बाजारात सामग्री गोळा करायला जातो अशी एक समजूत रूढ आहे. तिच्यात तथ्य फार थोडे आहे, कारण वही काढून उभ्या असलेल्या माणसापुढे बाजार आपले खरे बोलणे बोलत नाही. कादंबरीकाराला बाजार कळतो तो गिऱ्हाईक म्हणून, देणेकरी म्हणून, कोणाचा तरी मास्तर किंवा कोणाचा तरी भावकीतला माणूस म्हणून. भाव करताना विकणारणीने एकदम स्वर उतरवून आपल्या घरची अडचण सांगितली, तर ती अडचण खरी की धंद्याची रीत हे ठरवताना त्याच्या मनाची जी ओढाताण होते, तिच्यात माणसांच्या परस्परव्यवहाराचे जेवढे ज्ञान असते तेवढे मुद्दाम केलेल्या निरीक्षणात नसते. शिवाय बाजार दर आठवड्याला तोच असतो आणि तरीही तंतोतंत तोच नसतो. नेहमीच्या जागेवर बसणारी एखादी बाई दोन बाजार दिसली नाही, तर तिच्या गैरहजेरीतून गोष्ट सुरू होते. घटनांची पुनरावृत्ती आणि तिच्यात नकळत पडणारा फरक हाच कादंबरीच्या काळाचा पाया असल्यामुळे, आठवडी सुखांमध्ये रमणारा लेखक विश्रांती घेत असतानाही आपल्या कलेच्या मूळ नियमाजवळच वावरत असतो.

छापील अक्षराची आठवडी सुखे याहून निराळी. रविवारच्या पुरवण्या, टपालाने येणारी नियतकालिके आणि वर्षाकाठी एकदा येणारे दिवाळी अंक, ज्यांची परंपरा का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये सुरू केली, यांनी खेड्यातल्या लेखकाला दूरच्या वाङ्मयीन जगाशी जोडून ठेवले. मराठवाड्यात तर अनंत भालेराव यांचे दैनिक ‘मराठवाडा’, मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ आणि गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, लिहिणाऱ्यांना घरचे व्यासपीठ दिले. एस.टी.ने शहरात जाऊन संपादकाला भेटावे, पुस्तकांच्या दुकानात विकत घेण्यापेक्षा चाळण्यात जास्त वेळ घालवावा आणि मुक्कामाच्या गाडीने परत यावे, हे कित्येकांच्या दृष्टीने मोठेच सुख होते.

येथवर वर्णन केलेल्या सुखांचा धनी व्याकरणाने पुल्लिंगी आहे, आणि तो योगायोग नव्हे. बाजारात रमतगमत हिंडणारा पुरुष आणि त्याच बाजारात डोक्यावर ऊन घेऊन माळवे विकणारी स्त्री यांचा वार एक असला तरी दिवस एक नसतो. बहिणाबाईंचे आत्मनिवेदन या ठिकाणी साक्षीला येते. अगदी लहान वयात, वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी, शिऊरच्या रत्नाकर पाठक यांच्याशी, त्यांचा विवाह झाला. पुढे घरच्या आपत्तीमुळे कुटुंबाला देवगाव सोडून भटकंती करत कोल्हापुरापर्यंत जावे लागले. तेथे दानात आलेल्या गाईचे वासरू त्यांना इतका लळा लावून बसले की ते त्यांच्यामागे जयराम स्वामींच्या कीर्तनालाही जाऊ लागले. दाटी होते म्हणून वासराला बाहेर काढले गेले, ते बाहेर हंबरू लागले, आणि स्वामींनी त्याला आत घ्यायला लावून मुलीचे कौतुक केले. या कौतुकाची वार्ता घरी पोचताच नवऱ्याने तिला बेदम मारले. आठवड्याच्या व्यवहारात कीर्तन ऐकणे हे आजही निरुपद्रवी सुख समजले जाते; बहिणाबाईंच्या बाबतीत त्या सुखाची किंमत अंगावर मोजावी लागली.

पुढे तुकोबांना गुरू मानून त्या देहूला राहिल्या, ब्राह्मण्य जन्माने ठरते की आचरणाने याची चिकित्सा करणाऱ्या ‘वज्रसूची’ या संस्कृत ग्रंथाचा आशय त्यांनी मराठीत आणला, संसारही केला. त्यांच्या लेखनाला मात्र स्वतंत्र वेळ, स्वतंत्र जागा किंवा सुटीचा वार असल्याचे दिसत नाही. विशेष हे की त्यांनी ही कोंडी अभंगांतून लपवली नाही. नवऱ्याचा राग, वासराचे मरण, स्वतःचे आजारपण आणि मनाची घालमेल यांना त्यांनी अध्यात्माच्या वाटेवरचे अडथळे म्हणून नुसते ओलांडले नाही, तर ती वाट ज्या घरातून जाते त्या घरासह नोंदवले. कादंबरीच्या वास्तवदृष्टीचा एक पूर्वसंस्कार देवगावच्या या बाईच्या लेखनात आढळतो, असे म्हणण्यास आधार आहे तो इतकाच, आणि तो पुरेसा आहे.

लेखकाची शिस्त ही बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमावर उभी असते, हे पुरुष लेखकांनी कबूल केल्याची उदाहरणे विरळ आहेत. टपाल खात्यात अधिकारी असलेला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप नोकरीवर जाण्यापूर्वी पहाटे घड्याळ समोर ठेवून लिहीत असे. पहाटे उठवण्याच्या कामासाठी एका जुन्या नोकराला तो वर्षाला पाच पौंड जादा देत होता, आणि आपल्या यशाचे श्रेय या माणसाला इतर कोणाहूनही अधिक असल्याचे त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने मान्य केले. मराठी घरांत हे काम पगाराविना झाले आणि म्हणून कोणत्याही अर्पणपत्रिकेतल्या एका ओळीपलीकडे गेले नाही. मालतीबाई बेडेकरांना 1933 मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाच्या आड राहून ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध करावे लागले, यावरून लिहिणाऱ्या स्त्रीला वेळेइतकीच आडोशाचीही गरज होती हे दिसते.

या पार्श्वभूमीवर बोराडे यांच्या ‘पाचोळा’चे महत्त्व वेगळ्या प्रकारे जाणवते. 1971 मध्ये आलेली ही कादंबरी गावातल्या एका शिंप्याच्या कुटुंबाची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्या मराठवाडी बोलीत सांगते. महाविद्यालयीन अध्यापन आणि प्रशासन यांत आठवडा घालवणाऱ्या पुरुषाने निवेदनासाठी अशा बाईचे तोंड निवडले की जिला नोकरीची सुटी ठाऊक नाही आणि जिच्या दिवसाचे काम संपल्याचे कोणी जाहीर करत नाही. धंदा नवऱ्याचा असला तरी त्याच्या बुडण्याचा हिशेब घरात तिला ठेवावा लागतो, आणि त्या हिशेबातूनच तिची गोष्ट घडते. बोराडे यांचे 11 फेब्रुवारी 2025 रोजी निधन झाले. त्यांच्या कामगिरीचे मोजमाप करताना ग्रामीण बोलीचा वापर एवढाच निकष लावणे अपुरे आहे. आपल्या वाट्याच्या निवांतपणाचा उपयोग त्यांनी निवांतपणा नसलेल्या व्यक्तीचे सलग बोलणे ऐकण्यासाठी केला, हेही त्यात धरले पाहिजे.

म्हणून कादंबरीकाराच्या छोट्या सुखांकडे हौस म्हणून कौतुकाने किंवा चैन म्हणून तुच्छतेने पाहणे, दोन्हीही चूक आहे. गोडीशेव, पुरवणी, चहा, कीर्तन आणि एस.टी.च्या खिडकीची जागा ही लेखकाला माणसांत ठेवणारी साधने आहेत. त्यांच्याशिवाय कादंबरी लिहिली जाईलही, पण ती माणसांऐवजी मतांनी भरलेली असेल. या सुखांचा हक्क मात्र अजून सारखा वाटला गेलेला नाही. आज देवगावातल्या शाळेत शिकवणारी, घर आणि शेत दोन्हीकडे हात देणारी, मोबाइलवर रात्री चार ओळी टिपून ठेवणारी एखादी शिक्षिका आपल्या मनातली कादंबरी पुरी करू शकेल की नाही, हे तिच्या प्रतिभेइतकेच बाजाराच्या दिवशी पिशवी कोणाच्या हातात असते यावर ठरणार आहे. साहित्य संमेलने भरवता येतात, पुरस्कारांची रक्कम वाढवता येते; आठवड्यातली एक मोकळी दुपार मात्र कोणत्याही योजनेत बसत नाही, ती घरातल्या घरातच कोणी तरी दुसऱ्यासाठी सोडावी लागते.