आमच्या फिरत्या ताई

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी तिसरीला शिकवत होते, तेव्हा समावेशित शिक्षणाच्या फिरत्या विशेष शिक्षिका आमच्याकडे येत. बऱ्याच शाळा त्यांच्याकडे असल्यामुळे एसटीनं येऊन एसटीनंच पुढच्या गावाला जात. मुलं त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. स्वमग्न मुलाला चारचौघांत मिसळायला कसं शिकवावं, यातलं मला जे काही येतं ते त्यांचं देणं आहे.

वर्गात तेव्हा एक स्वमग्न मुलगा होता. गावातून जाणाऱ्या प्रत्येक एसटीची पाटी त्याला पाठ. मधल्या सुट्टीत मुलं त्याला लंगडीत घेत, पण बाद झाला की तो कानांवर हात दाबून किंचाळायचा. पहिल्या खेपेला ताईंनी त्याला काहीच शिकवलं नाही. व्हरांड्याच्या पायरीवर बसून त्यांनी सबंध सुट्टीभर खेळ पाहिला आणि मग मला म्हणाल्या, "बाई, त्याला हरल्याचा राग येत नाहीये. बाद झाल्यावर पुढे काय होतं, हेच त्याला कळत नाहीये. बाकीची मुलं बघून बघून शिकतात. याला नीट सांगावं लागेल."

दुसऱ्या खेपेला त्यांनी त्याच्यासाठी पाठकोऱ्या कागदांची छोटी पुस्तिका शिवून आणली. एका पानावर एकच वाक्य आणि खाली चित्र. "लंगडीत मला हात लागला की मी बाद होतो. बाद झालेली मुलं रेषेबाहेर बसतात. डाव संपला की सगळे पुन्हा खेळतात. मीही खेळतो." अशा 'सामाजिक गोष्टी' लिहिण्याची पद्धत अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रुजवली. हुकूम कमी, वर्णन जास्त, हा तिचा कणा. "असं कर" म्हणण्याआधी "इथे असं होतं" हे मुलाला कळलं पाहिजे. रोज सुट्टीआधी तो ती पुस्तिका मोठ्यानं वाचायचा. हळूहळू तो रेषेबाहेर बसू लागला. कान झाकलेले असायचे, पण तो बसायचा.

ताईंनी खरी कमाल केली ती बाकीच्या मुलांबरोबर. खेळात कुणी दमलं, पडलं की मूठ ओठांना लावून "टाइमप्लीज" म्हणतं आणि त्याला कुणी हात लावत नाही. हा नियम मुलांचा स्वतःचाच. ताईंनी तो वर्गातही लागू केला. गोंगाट असह्य झाला की त्यानं मूठ ओठांना लावायची, मग पाच मिनिटं त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. हे मुलांना पटवून द्यावं लागलं नाही. पुढे ती सवलत इतर मुलंही मागू लागली आणि ताईंच्या सांगण्यावरून ती मी सगळ्यांना दिली.

त्याच्या हनुवटीला हात लावून "माझ्याकडे बघ" म्हणायला त्यांनी सक्त मनाई केली. "बघत नसला तरी तो ऐकतोय. दोन्ही एकदम करायला लावलं, तर ऐकणं सुटेल." स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलं, की समजण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते, स्वमग्न माणसाला इतर जितके कळत नाहीत, तितकाच तोही इतरांना कळत नाही. हे मी फार नंतर वाचलं. ताईंनी ते आमच्या पटांगणात करून दाखवलं होतं. एका मुलाला मिसळायला शिकवायचं, तर उरलेल्या वर्गाला त्याला सामावून घ्यायला शिकवावं लागतं, आणि तो निम्मा अभ्यास शिक्षकानं विसरायचा नसतो.

ताईंची पुढे दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. माझ्या वर्गात दर जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात टाइमप्लीजचा नियम सगळ्यांना सांगितला जातो, मग त्या वर्षी स्वमग्न मूल पटावर असो वा नसो. ताई माझ्याहून वयानं बऱ्याच लहान. तरी गुरुपौर्णिमेला माझा पहिला फोन त्यांनाच जातो.